पहिलं अक्षर आणि पुढचं काहीही

लालमहंमद ओळ उलटी वाचतो. लातूरच्या बस स्थानकामागे एका टंकलेखन संस्थेत तो अकरा वर्षं शिकवायला होता, तिथली ही सवय. टाइप झालेली ओळ शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे वाचली की अर्थ लागत नाही, आणि अर्थ लागला नाही की डोळा फसत नाही. चुकलेलं अक्षर भातातल्या खड्यासारखं लागतं. शिकायला येणाऱ्या मुलामुलींना तो सांगायचा, अर्थाच्या मागे जाऊ नका, अर्थ चुका झाकतो.

टाइपरायटर भंगारात गेले, संस्था बंद पडली, आणि चाळिशीला आलेला लालमहंमद एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कचेरीत कंत्राटावर लागला. कंत्राट अकरा महिन्यांचं. मग काही दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. अशी चौदा वर्षं झाली. उंच, किंचित वाकलेला, कानामागचे केस पांढरे. तो मोठ्यानं बोललेला कचेरीत कुणाला आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी तो संगणकाचा पडदा पुसतो. का पुसतो, हे त्याच्या बायकोला, सालेहाला, एकदा कुणीतरी विचारलं होतं. ती म्हणाली, घरीही तसंच, पाणी प्यायच्या आधी पेला पुसतात, धुतलेला असला तरी.

संस्थेच्या त्रेचाळीस शाळा. निलंगा, देवणीपासून ते नांदेड जिल्ह्यात उमरीपर्यंत पसरलेल्या. प्रत्येक शाळेच्या कचेरीत एक संगणक, आणि त्यात त्या शाळेची सगळी कागदपत्रं. दर शनिवारी संध्याकाळी सहाला लातूरचा मोठा संगणक या त्रेचाळीस जणांना एकेक करून नावानं हाक मारायचा, आणि जो ओ देईल त्याच्याकडून कागदपत्रांची प्रत घ्यायचा. हे काम करणारी स्क्रिप्ट लालमहंमदनं लिहिली होती. शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा ऐकणारा संगणकातला भाग; त्याच्यासाठी एकाखाली एक मांडलेल्या आज्ञा, एकशेबारा ओळी. शिकवणारं कुणी नव्हतं. छापून घेतलेल्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा करत तो एकटा शिकला.

हाक मारायची तर नाव धड हवं. संगणकाच्या नावाला, ज्याला होस्टनेम म्हणतात, त्याला नियम असतात. इंग्रजी अक्षरं, आकडे, आणि मधे हवी तर आडवी रेघ. मोकळी जागा चालत नाही, खालची रेघ चालत नाही, आडव्या रेघेनं नाव सुरू होत नाही की संपत नाही. हे नियम लालमहंमदला आवडले होते. माणसांच्या नावांना असे नियम नसतात. त्याचं स्वतःचं नाव चार सरकारी कागदांवर चार तऱ्हांनी होतं आणि चारही खरी मानली जात होती. शाळांकडून नावं मागवली तेव्हा वाटेल ते येणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं स्क्रिप्टमधे सुरुवातीलाच सात ओळींची तपासणी बसवली, आणि अक्षरं लहान लिपीतलीच हवीत हा आपला एक नियम तीत घातला. चुकीचं नाव तिथंच अडायचं आणि शाळेला परत कळवायचं. मोठ्या अक्षरात लिहिलेली, मराठीत लिहिलेली काही नावं पहिल्याच आठवड्यात तिनं अडवली. लालमहंमद समाधानी होता. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली.

या वर्षी सगळ्या शाळांना नवे संगणक आले. जुने गोळा करायला नांदेडहून एक गाडी फिरणार होती, गुरुवारपासून. त्याआधी लालमहंमदनं एका तक्त्यावर सही करायची होती: कोणत्या जुन्या संगणकाची प्रत लातूरला आहे आणि कोणत्याची नाही. अडतीस शाळांपुढे 'प्रत आहे' असं होतं. पाच शाळांपुढे स्क्रिप्टनं वर्षानुवर्षं एकच शब्द लिहिला होता: 'बंद'. या पाचांपुढे कचेरीतल्या कुणीतरी पेननं 'निकामी' असं जोडून ठेवलं होतं. इतकी वर्षं बंद असलेल्या यंत्रात काय असणार?

मंगळवारी दुपारी इरा त्याच्या खुर्चीवर बसून ती स्क्रिप्ट समजून घेत होती. इरा नांदेडची, सव्वीस वर्षांची, संस्थेत नव्यानं आलेली संगणक अधिकारी. नव्या यंत्रांसाठी तिला हे सगळं पुन्हा लिहायचं होतं, पण जुन्याचा मान ठेवून ती ओळ न ओळ त्याला विचारत होती. तो खिडकीपाशी उभा राहून सांगत होता.

"काका, हे बघा," ती म्हणाली. "तुमच्या तपासणीत चहा पास झाला."

तो वळला. गंमत म्हणून तिनं यादीच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत एक ओळ लिहिली होती: chaha don, ek bina sakhar. पडद्यावर त्यापुढे आलं होतं, 'नाव बरोबर'. आणि थोड्या वेळानं त्याखाली, 'बंद'.

"चहा बंद आहे म्हणतंय. हे मात्र खरं सांगतंय, कँटीनवाला गावी गेलाय."

लालमहंमद हसला. मग त्यानं तिला खुर्चीवरून जरा उठायला सांगितलं.

ती ओळ त्याच्या डोळ्यांसमोर सहा वर्षं होती:

[a-z0-9-]*

कंसात चालणारी अक्षरं, आणि पुढे तारा. तारा तो आधी दुसरीकडे शिकला होता, मजकुरात शब्द शोधायच्या आज्ञेत. तिथं ताऱ्याचा अर्थ 'मागचं जे आहे ते हवं तितक्या वेळा' असा होतो. म्हणून ही ओळ तो अशी वाचत आला: ही अक्षरं, हवी तितकी, आणि फक्त हीच. पण त्यानं ती लिहिली होती शेलच्या स्वतःच्या जुळणीत, आणि तिथं तारा मागच्या कशालाही बांधलेला नसतो. तो एकटा उभा असतो आणि म्हणतो, काहीही. म्हणजे तपासणी नावाचं पहिलं अक्षर बघत होती, ते जुळलं की बाकीच्याकडे पाठ फिरवत होती. मोठं अक्षर सुरुवातीला आलं म्हणून ती नावं अडली, आणि ती अडली म्हणूनच त्याला कधी शंका आली नाही.

इराला यात फारसं काही वाटलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे, ती म्हणाली. नाव चांगलं आहे का असं विचारायचंच नाही, त्यात एखादं नको ते अक्षर सापडतं का, एवढं विचारायचं. तिनं ओळ बदलून लिहिली:

*[!a-z0-9-]*

आधी काहीही, मग या यादीत नसलेलं एक अक्षर, मग काहीही. असं जुळलं की नाव अडवायचं. मग रिकामं नाव, रेघेनं सुरू होणारं, रेघेनं संपणारं, असे आणखी दोन-तीन अडसर तिनं घातले, चहाची ओळ पुसली आणि यादी पुन्हा चालवली.

बेचाळीस नावं पुढे गेली. एक अडलं: shri renukadas guruji.

लालमहंमद त्या नावाकडे बघत उभा राहिला. ही यादी त्यानं आजवर डोळ्यांनी वाचलीच नव्हती. ती वाचावी लागू नये म्हणून तर तपासणी लिहिली होती.

नाव उमरीचं होतं. असलं नाव जगात कुठल्याच संगणकाला नसतं, त्यामुळे हाकेला ओ येणं शक्य नव्हतं. स्क्रिप्टला दोनच गोष्टी माहीत होत्या, प्रत मिळाली किंवा यंत्र बंद आहे. नाव सापडत नाही अशी तक्रार शेल दर शनिवारी करत असणार, पण पडदा भरून जातो म्हणून तक्रारींचे संदेश लालमहंमदनं पहिल्याच महिन्यात फेकून द्यायची सोय केली होती. संध्याकाळी सहाला खेड्यापाड्यांत वीज नसते, तेव्हा 'बंद' या शब्दानं कुणी दचकत नसे.

त्यानं उमरीला फोन लावला. तिथले कारकून संगप्पा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. जुनं मशीन कसं आहे, त्यानं विचारलं.

संगप्पा म्हणाले, मशीन एकदम बेस हाय. सोमवारी नवं आल्यावर ह्याची लातूरची वायर काढली, तेवढंच. आत गुरुजींच्या समद्या नोंदवह्या हायती. रेणुकादास गुरुजी शाळेचे जुने मुख्याध्यापक. निवृत्त झाल्यावर अकरा महिने रोज येऊन बसले आणि निजामाच्या काळापासूनच्या सात प्रवेश-नोंदवह्या त्यांनी पानापानानं स्कॅन केल्या. चार वर्षांपूर्वी ते गेले.

"मूळ वह्या कुठं आहेत, अप्पा?"

"त्या वाळवीनं खाल्ल्या की. दोन सालं झाली. लोकं येतेत, आज्याची नोंद पाहिजे म्हणून, मी मशीनवरच काढून देतो." आणि मग, जणू समोरच्याची काळजी मिटवायला, ते म्हणाले, "पण भ्यायचं काम न्हाई, लालभाई. लातूरला प्रत हाय न."

लालमहंमदनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "उद्या मी येऊन राहिलो," एवढंच तो म्हणाला.

गाडी थांबवायला सचिवांची परवानगी हवी होती आणि परवानगीला लेखी कारण. इरानं सुचवलं, तांत्रिक अडचण असं लिहा, कुणी विचारत नाही. या महिन्याअखेर कंत्राटाच्या नूतनीकरणाचा कागद सचिवांपुढे जायचा होता, हे तिला ठाऊक होतं. लालमहंमदनं हातानं चार ओळी लिहिल्या. नाव तपासण्याच्या ओळीत माझी चूक होती. त्यामुळे उमरीच्या संगणकाची प्रत सहा वर्षांत एकदाही घेतली गेली नाही. 'बंद' हा शेरा खोटा आहे. यंत्र चालू आहे. मग त्यानं त्या चारही ओळी उलट्या वाचल्या आणि सही केली.

कागद तासाभरानं परत आला. उमरीचं यंत्र शनिवारपर्यंत थांबवावं, असा शेरा होता. त्याखाली वेगळ्या शाईत: श्री. लालमहंमद यांच्या कंत्राटाबाबत नंतर बोलू.

बुधवारी तो पहाटेच्या गाडीनं नांदेडला आणि तिथून उमरीला पोचला. पिशवीत दोन बाहेरच्या डिस्क, सालेहानं दिलेली पोळीभाजी. शाळा मोठ्या रस्त्यापासून आत. कचेरीच्या कोपऱ्यात जुनं यंत्र फुलाफुलांच्या कापडाखाली होतं आणि चालू होतं. शेजारी एक बॅटरी.

बॅटरी कशासाठी, त्यानं विचारलं. संगप्पा म्हणाले, सहा वर्षांमागं तुमचाच कागद आला होता की, शनिवारी साडेसहापर्यंत मशीन चालू ठेवा म्हणून. वीज तर चारलाच जायची. मग गुरुजींनी स्वतः बॅटरी आणून बसवली. तेव्हापासून शाळा सुटली तरी दर शनिवारी संगप्पा साडेसहापर्यंत बसून असत. घरची मंडळी हसायची. पण मशीनवरची बारकी लाइट लुकलुकायची आणि त्यांना कळायचं, लातूरवाले घेऊन राहिले.

ती लाइट कशानंही लुकलुकते. लालमहंमदनं हे सांगितलं नाही. बाकीचं त्यानं सांगितलं, उभ्यानंच, हात मागे बांधून, काही न वगळता. पहिलं अक्षर, तारा, 'बंद'.

संगप्पा बराच वेळ कापडाची घडी घालत राहिले. घडी नीट बसेना, म्हणून पुन्हा उलगडली.

"म्हंजे मी इथं बसून होतो, आन् तिथं तुमी बंद लिवून राहिले."

"हाव."

"लातूरवाल्यायला उमरीची वीज कवाच दिसली न्हाई," संगप्पा म्हणाले. मग त्यांनीच एक खुर्ची ओढून दिली. "बसा. उभं राहून काय व्हनार हाय?"

डिस्क जोडून लालमहंमदनं प्रत सुरू केली. मधे त्यानं विचारलं, यंत्राचं नाव नुसतं renukadas होतं, तुम्ही यादीत श्री आणि गुरुजी कशाला लावलं? संगप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की प्रश्नच चुकला असावा. मशीन बसवणाऱ्या पोरानं नुसतं नाव घातलं, त्याला काय कळतंय, ते म्हणाले. पण मुख्य कचेरीला कागद धाडायचा, त्यावर गुरुजींचं नाव नुसतं कसं लिहायचं? मशीनचं असलं म्हणून काय झालं?

सातवी, सहावी, पाचवी, अशा मागून पुढे येत सहा नोंदवह्या दुपारपर्यंत निघाल्या. सहाही डिस्कवर गेल्या आणि लालमहंमदनं त्या एकेक उघडून पाहिल्या. उरली पहिली, सगळ्यांत जुनी, निजामाच्या फसली सन १३५४, म्हणजे १९४४-४५ पासूनची. एकोणीस पानं आली आणि यंत्र थबकलं. जुन्या डिस्कचा तेवढा भाग गेला होता. त्यानं दोनदा, तीनदा वेगवेगळ्या आज्ञांनी प्रयत्न केला. आतून एक कोरडा टकटक आवाज येत होता. पाच वर्षांपूर्वी, चार वर्षांपूर्वी, कोणत्याही एका शनिवारी ही पानं लातूरला येऊ शकली असती. किती शनिवार, याचा हिशेब त्याच्या मनात आपोआप होत राहिला. तो त्यानं तसाच होऊ दिला.

"कागद टाकून दिले का?" त्यानं विचारलं.

टाकले नव्हते. गुरुजींचा हात लागलेले म्हणून संगप्पांनी ते एका पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. पेटी उघडली तेव्हा मातीचा वास आला. पहिल्या वहीचा पुठ्ठा राहिला नव्हता. आतली पानं कडेनं खाल्लेली, मधे बारीक भोकं, एकमेकांना चिकटलेली. आणि सगळं उर्दूत. या मजकुराचं आता काही होत नाही, संगप्पा म्हणाले, शाळेत उर्दू वाचणारं कुणी नाही. लोकांना नोंद दाखवायची तर ते गुरुजींनी स्कॅनखाली मराठीत टाइप केलेली टीप वाचून दाखवत.

लालमहंमद सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकला होता. पुढे मराठी, पुढे टंकलेखन, मग संगणक. कचेरीत हे कधी कुणी विचारलं नव्हतं आणि सांगावं असं काही कारणही पडलं नव्हतं. त्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, विसावं पान फूटपट्टीच्या कडेनं हळूच सोडवलं आणि उजेडाकडे धरलं. कारकुनी शिकस्ता, उर्दूची मोडी म्हणावी अशी, घाईत लिहिलेली, पण हात वळणदार. त्याला पहिली ओळ लागायला पाच मिनिटं लागली. दुसरी लवकर लागली.

तो वाचू लागला आणि संगप्पा नव्या वहीत मराठीत लिहू लागले. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, दाखल झाल्याची तारीख. प्रत्येक पान आधी फोनवर टिपायचं, मग वाचायचं. बाहेर मुलांची कवायत चालली होती. काही नावं पुरी होती. काहींतून वाळवी गेली होती.

"गाफ दिसतो, म्हणजे ग. पुढं 'ये', म्हणजे य. मग भोक हाय."

"ग्यानोबा," संगप्पा म्हणाले आणि लिहायला लागले. "दुसरं कोन असनार?"

"नका लिहू, अप्पा."

"आवो, आमच्याकडं त्या काळात ग्या आलं की ग्यानोबाच. गावात पयल्या अक्षरावरच माणूस कळतो."

"तसंच मी सहा वर्षं करून राहिलो," लालमहंमद म्हणाला.

संगप्पांनी पेन उचललं. बाहेर शिट्टी वाजली, कवायतीची रांग मोडली.

"मग काय लिवू?"

"जे दिसतंय तेवढं. ग्या. पुढं जागा सोडा. पुढचं वाळवीनं खाल्लंय असं कडेला लिहा. बापाचं नाव पुरं हाय, सटवाजी. गाव पुरं हाय. कुणी आलंच शोधत तर त्याला बापावरून सापडंल."

संगप्पांनी 'ग्या' लिहिलं आणि ग्यानोबा मावेल त्यापेक्षा जास्त जागा सोडली.

चारच्या सुमारास इराचा फोन आला. सचिव विचारतायत कधी परत येणार, ती म्हणाली. लालमहंमद म्हणाला, सहा वह्या डिस्कवर आहेत, पहिल्या वहीची सत्तर पानं हातानं उतरवावी लागतील, शनिवार तरी उजाडेल, हे दिवस रजेत धरा. उरलेली चार 'बंद' यंत्रंही गाडीत घालू नका, तिकडे मी स्वतः जाऊन बघेन, नाव बरोबर असलं तरी. ती हो म्हणाली. मग तिनं विचारलं, "काका, कंत्राटाचं त्यांना काही सांगू का?"

"माझ्या चार ओळी आहेत त्यांच्याकडे," तो म्हणाला. "त्यात सगळं आलंय."

फोन ठेवून त्यानं एकविसाव्या पानाखाली फूटपट्टी सरकवली. पान मधोमध फाटत होतं. संगप्पांनी न सांगता दुसरी बाजू दोन बोटांनी धरली.